मुकादमाच्या खोलीची उजवी बाजू

१

मुकादमाचं वजन एकाहत्तर किलो होतं आणि त्यातला एक किलोसुद्धा त्याने कष्ट करून कमावलेला नव्हता. दिवसभर अंगणातलं गवत ओरबाडायचं, भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारायच्या, कोण काम करतंय आणि कोण नुसतंच उभं आहे हे मान लांब करून बघायचं, आणि थंडीच्या दिवसांत साडेचार वाजले की सुट्टीचा भोंगा झाल्यासारखं आपल्या खोलीकडे चालायला लागायचं. म्हणून नाव मुकादम. जातीने कासव.

त्याला आणलं होतं फ्रीजवालीच्या भावाने, तीस वर्षांपूर्वी, बशीत मावेल एवढं असताना. विकणारा म्हणाला, "एवढंच राहतं हे." विकणारे सगळे सारखेच. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला, कासव मात्र वाढतच राहिलं. आता घरात दोन बायका, भावाची बायको आणि भावाची धाकटी बहीण, आणि अंगणात हा. बहिणीने चाळीस वर्षं फ्रीज, बर्फाची मशिनं आणि शीतगृहं दुरुस्त करण्यात घालवली होती, म्हणून अख्खी गल्ली तिला फ्रीजवाली म्हणायची. तोंडावरसुद्धा. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही.

लोकांना वाटतं, कासव म्हणजे पाय फुटलेला दगड. कोपऱ्यात ठेवला, पाला टाकला, आपण मोकळे. एकदा पाळून बघा म्हणावं! कुंपणाला जाळी लावली की त्याला पलीकडचं दिसतं, आणि जे दिसतं तिथे जायचंच, म्हणून हा गडी जाळीला डोकं टेकवून उभा राहतो. आज नाही तर चार महिन्यांनी जाळी आडवी. तेव्हा भिंत हवी भरीव, आणि तीसुद्धा हातभर जमिनीखाली गेलेली, कारण हा खणतो. खायला गवत, वाळलेलं गवत, पाला. फळांचे लाड नाहीत. रविवारी कोमट पाण्याची अंघोळ, पाणी हनुवटीपर्यंत. आणि सगळ्यांत मोठं भय थंडीचं. त्याच्या जातीला थंडीत झोपून राहायची सवय नसते. गारठा बसला की फुप्फुसात पाणी धरतं, आणि कासवाला खोकता येत नाही. आत साचलं ते साचलं.

म्हणून फ्रीजवालीने त्याला खोली करून दिली होती. एका आइस्क्रीमवाल्याची गाडी भंगारात निघाली, तिचा मागचा थंड डबा हिने उचलून आणला. पाच फूट लांब, साडेचार रुंद, भिंतींत चार बोटं जाड थर्माकोल. जो डबा थंडी आत धरतो, तोच ऊबही आत धरतो. डब्याला काय, तो बिचारा जे द्याल ते सांभाळतो. दाराला जाड रबराच्या लोंबत्या पट्ट्या, छताला उबेचा पत्रा, कोपऱ्यात ऊब घटली की पत्रा चालू करणारा थर्मोस्टॅट. डॉक्टरने बजावलं होतं, "त्याला आत गिरकी घेता येईल एवढीच जागा ठेवा. रिकामी जागा तापवत बसू नका." पण चांगला डबा कापायचा हिच्या जिवावर आलं. "वाढेल अजून," म्हणाली, आणि अख्खा ठेवला.

डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होता. थर्मोस्टॅट चालू झाला की भिंतीतून आवाज यायचा. टक. मग पुन्हा अकरा मिनिटांनी, टक. दोन हिवाळे ती अकरा मिनिटं हलली नव्हती. घरातलं घड्याळ मागे पडायचं, टक मागे पडायचा नाही.

त्या दिवशी पाच वाजता वहिनी पाला निवडत होती आणि फ्रीजवाली खुर्चीत बसून तिला चुका दाखवत होती.

टक.

"हे देठ राहिलं बघ."

"माझे डोळे आहेत, वन्सं. तुमचे हातही आहेत, पण ते काय दिसायला आहेत?"

टक.

फ्रीजवालीने घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं झाली होती.

"काय झालं? गाडी चुकली का तुमची?" वहिनी म्हणाली.

"गप. ऐक."

दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. पुढचा टक सहा मिनिटांनी आला.

२

फ्रीजवालीला भुताखेतांचं वावडं नव्हतं. चाळीस वर्षांत तिने एकही भूत पाहिलं नव्हतं आणि फाटकी रबरं हजारो पाहिली होती, एवढंच. त्यामुळे सकाळी दहाला मुकादम उन्हात आल्यावर ती बॅटरी, पान्हा आणि कामावरचा लांब सळईचा थर्मामीटर घेऊन गुडघ्यांवर डब्यात शिरली. गुडघ्यांनी तक्रार केली. तिने ती नोंदवून घेतली नाही.

पट्ट्या ठीक. सांधे ठीक. गवत कोरडं. पत्रा हात भाजेल इतका तापलेला.

पण गवताचं एक बघण्यासारखं होतं. मुकादम झोपतो तिथे खड्डा असतो, पालापाचोळा, विष्ठा, सगळा संसार. तसा खड्डा होता, पण पार डावीकडे, भिंतीला खेटून. त्याच्या पाठीची डावी कड भिंतीला घासून पांढरी पडलेली तिने सकाळी बघितलीच होती. इतकी जागा असताना हा शहाणा भिंतीत का शिरतोय, असं तिला वाटलंही होतं. आणि उजवी बाजू? उजवीकडचं गवत सपाट होतं. झटकून, हात फिरवून अंथरल्यासारखं. त्यात एक लेंडी नाही, एक कुरतडलेली काडी नाही.

तिने सळई डावीकडे टेकवली. अठ्ठावीस. उजवीकडे टेकवली आणि काटा उतरत गेला. वीस, पंधरा, दहा. चारवर थांबला.

बाहेर अंगणात बारा अंश होते.

आता तुम्ही-आम्ही असतो तर घाबरलो असतो. फ्रीजवालीला राग आला. अपमान झाल्यासारखा राग. कारण एक गोष्ट ती आयुष्यभर शिकाऊ पोरींना ओरडून सांगत आली होती. गरम वस्तू आपोआप गार होते, पण भोवतालाएवढीच. त्याच्याखाली एक अंश जरी जायचं असेल तर कुणीतरी राबावं लागतं. कॉम्प्रेसर राबतो, पंखा राबतो, वीज जळते. फुकटात गारवा नाही.

"मशीन कुठाय?" ती डब्यात बसून मोठ्याने म्हणाली. "इथे कोण राबतंय?"

बाहेरून वहिनी म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही."

"मग उत्तराला थांबल्यात कशाला?"

संध्याकाळी दोघी भिंतीला कान लावून बसल्या. शीतगृहात असं असतं, की कुणी दार उघडून गरम माल आत ठेवला की न बघता कळतं. मशीन धापा टाकायला लागतं. किती धापा टाकतंय त्यावरून माल किती हेही जुन्या माणसाला सांगता येतं. इथे उलट होतं. साडेचारला मुकादम आत गेला, तेव्हा टक अकरा मिनिटांनीच येत होता. पाचनंतर सहावर आला. म्हणजे मुकादमाच्या मागून, पाचच्या सुमाराला, कुणीतरी थंड माल आत ठेवत होतं.

"किती असेल?" वहिनीने विचारलं.

फ्रीजवालीने मनात हिशेब केला. "माणसाएवढा," म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिला वाटलं, पोतं म्हणायला हवं होतं.

वहिनी बराच वेळ पाला चिवडत राहिली. मग म्हणाली, "हे तर नसतील?"

"दादा? दादा असता तर आधी चहा मागितला असता. मग साखर कमी म्हणाला असता."

वहिनी हसली. मग हसायची थांबली. "नाहीच," म्हणाली. "त्यांचे हात कधी गार नव्हते."

३

चार दिवसांत टक चार मिनिटांवर आला आणि मुकादमाने गवत सोडलं. नाकाशी बुडबुडा दिसायला लागला. श्वास घेताना मान पुढे काढायचा आणि तोंड उघडायचा, बोलायला लागल्यासारखं, आणि शिटीसारखा बारीक आवाज यायचा. दुपारच्या फेऱ्या बंद. अंगणात कुणी काम करो की नुसतं उभं राहो, त्याला पर्वा नव्हती.

डॉक्टर तरुण होता. कुत्र्या-मांजरांचा. कासवाचं त्याने पुस्तकातून शिकून घेतलं होतं, पण मन लावून. मुकादमाला काट्यावर चढवायला तिघं लागली. अडुसष्ट भरला.

"फुप्फुसात आहे," कान लावून तो म्हणाला. "सुई देतो. पण सुईने अर्धंच काम होतं, मावशी. उरलेलं काम उबेचं. अठ्ठावीसच्या खाली एक रात्र गेली की औषध वाया. आणखी आठवडा असाच गेला तर…" त्याने सुई भरायला घेतली. "प्राणीबागेत काचघर आहे. मी बोलतो. तिकडे सोपवा त्याला."

"सोपवा म्हणजे?"

"म्हणजे कायमचंच. ते परत देत नाहीत."

"मग कशाला सोपवू? तीस वर्षं माझ्या अंगणात माझंच गवत खाऊन माझ्यावरच नजर ठेवतोय तो. जाईल कुठे?"

"वन्सं, डॉक्टरांवर का ओरडताय?" वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती जास्तच कडक बोलत होती. "डॉक्टर, तुम्ही एकदा खोली बघून घ्या. यांच्या हातात काही फॉल्ट असेल तर आम्हाला कळू दे."

पाच वाजून गेले होते. मुकादमाला त्यांनी पट्ट्यांतून आत ढकललं आणि तो डावीकडे जाऊन भिंतीला चिकटला. डॉक्टर पोटावर पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला, उजवीकडे चाचपला. क्षणभर थांबला. पुन्हा चाचपला, अगदी सावकाश, जनावर तपासताना हात फिरवतात तसा. मग हात बाहेर काढून उठला आणि पँट झटकली.

"दुसऱ्यालापण तपासू का?" त्याने विचारलं.

"दुसरा कोण?"

डॉक्टरने दोघींकडे पाहिलं. मग पट्ट्यांकडे. त्याच्या हाताची बोटं पांढरी पडली होती, नखं निळी.

"काही नाही," तो म्हणाला. "मला वाटलं पाठ लागली हाताला."

"कासवाची?"

त्याने हात धुतले. गरम पाण्याने धुतले, साबण लावून, दोनदा. फी घेतली नाही आणि पिशवी विसरून गेला. दुसऱ्या दिवशी पिशवी न्यायला त्याचा भाऊ आला.

४

"घरात आणा त्याला," तुम्ही म्हणाल. आणला. तुम्हाला सुचतं ते त्या दोघींना सुचत नसेल का? मुकादमाला ढकलगाडीवर घालून, दोन फळ्या टाकून, दहा मिनिटं एकमेकींना नावं ठेवत त्यांनी स्वयंपाकघरात घेतला. त्याने आल्या आल्या कपाटाचं दार उचकटलं. तेवढ्याने दोघींना बरं वाटलं.

डबा रिकामा. भिंतीतून टक, अकरा मिनिटांनी. पुन्हा टक, अकरा. फ्रीजवालीने समाधानाने पाय पसरले.

पाच वाजता चुलीजवळच्या कोपऱ्यातल्या फरशीवर दव धरलं. मग दवाचं पांढरं झालं. मुकादम, ज्याने इतके दिवस एकही फेरी मारली नव्हती, तो उठला आणि टेबलाचे दोन पाय आडवे करत भिंतीकडे गेला. भिंतीला अंग लावून त्याने डोकं आत ओढून घेतलं. उजव्या अंगाला फरशी पांढरी होत आली, सावकाश, आणि त्याच्यापासून वीतभरावर थांबली. वहिनीच्या हातात दुधाचं पातेलं होतं. ती दुधाकडे बघत म्हणाली, "वन्सं, साय नाहीये ही."

म्हणजे जे येत होतं त्याचा संबंध डब्याशी नव्हता. मुकादमाशी होता. काचघरात नेला असता तर तिथेही गेलं असतं, आणि तिथे टक मोजायला कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम पुन्हा डब्यात. तिथे निदान पत्रा होता. आणि फ्रीजवालीने जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. मधोमध जाड फळी ठोकली, वरून-खालून आठ-आठ स्क्रू. मुकादमाला गिरकीपुरती जागा ठेवली आणि दारही तेवढंच, उजव्या पट्ट्यांवर टिनाचा पत्रा मारला. "घे," म्हणाली, "आता राहा बाहेर."

सकाळी फळी होती. स्क्रूही होते. पण फळी चार बोटं डावीकडे सरकली होती आणि स्क्रूंची भोकं ओढल्यासारखी लांबट झाली होती. मोडतोड नाही, आवाज नाही. बसमध्ये शेजारचा झोपेत कलंडत जातो तशी. फळी आणि भिंत यांच्यात मुकादम असा अडकला होता की पहारेने फळी काढावी लागली, दारावरचा टिनाचा पत्राही. फळीच्या पलीकडच्या अंगाला बर्फाचे कण होते आणि गवत झटकून, सपाट अंथरलेलं होतं.

त्या दिवशी टक आलाच नाही. पाचला चालू झालेला पत्रा बंदच होईना. फ्रीजवाली भिंतीला कान लावून बसली. आतून बारीक गुणगुण येत होती आणि तिच्यामागे मुकादमाची शिटी. शिट्यांमधलं अंतर वाढत होतं.

"मोठा हीटर बसवा ना," वहिनी म्हणाली.

"त्याची पाठ भाजेल."

"मग काय करायचं? बघत बसायचं?"

फ्रीजवालीने भिंतीवरचा कान काढला. मग म्हणाली, "फळी म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल, वहिनी. रुमाल कुणीही उचलतं आणि बसतं. तिथे माणूस बसलेलं हवं."

"कोण माणूस?"

"डबा मी आणला. अख्खा मी ठेवला. मग कोण?"

वहिनीने तिला वेडी म्हटलं, हट्टी म्हटलं, म्हातारी म्हटलं. म्हातारीवर भांडण झालं, कारण वहिनी दोन वर्षांनी मोठी होती. भांडण संपल्यावर वहिनी उठली आणि पाणी तापवायला ठेवलं. घरात गरम पाण्याच्या तीन पिशव्या होत्या. चौथी ती शेजारून मागून घेऊन आली.

५

चार वाजता, मुकादमाच्या आधी, फ्रीजवाली आत शिरली. अंगावर शीतगृहातला जुना जाड कोट, दोन टोप्या, तीन मोजे. उजव्या बाजूच्या त्या नीटनेटक्या अंथरुणावर ती बुटांसकट लोळली आणि मुद्दाम दोन्ही पायांनी गवत विस्कटलं. कोटाच्या खिशातलं बिस्कीट काढून खाल्लं आणि चुरा सांडला.

साडेचारला पट्ट्या बाजूला झाल्या आणि मुकादमाचं डोकं आत आलं. डब्यात आपल्याआधी कुणीतरी आलंय म्हटल्यावर त्याने नाक तिच्या पोटाला लावलं आणि ढकललं. ती हलली नाही. त्याने विचार केला. कासवाचा विचार असतो तेवढा वेळ केला. मग गिरकी घेतली आणि तिच्या कुशीला आपली रुंद, खरखरीत पाठ टेकवून बसला. डावीकडच्या भिंतीला सोडून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

टक.

भिंतीपलीकडून वहिनीने दोनदा ठोकलं. म्हणजे ऐकलं.

पुढचा टक अकरा मिनिटांनी आला. फ्रीजवालीला झोप येऊ लागली. ऊब, गवताचा वास, शेजारी श्वासाची शिटी. तिला वाटलं, या सगळ्याला कारण साधंच निघेल. जमिनीखाली पाण्याचा झरा असेल, कुणाच्या तरी कारखान्याचा गळका पाइप असेल, आणि डॉक्टरचा हात झोपला असेल. पाचला बाहेर अजून उजेड होता. पट्ट्यांच्या फटीतून त्याच्या राखाडी रेघा गवतावर पडल्या होत्या. ती त्या मोजत होती. नऊ रेघा.

आठ.

सात. रेघा उजवीकडून एकेक मिटत होत्या, पट्ट्यांपुढे काही येऊन उभं राहावं तशा. मग सगळ्यात उजवी पट्टी आत आली. वाऱ्याने हलते तशी हलली नाही. तिच्यावर बाहेरून गोल उमटला, पट्टी त्यावरून घसरली, आणि दुसरी पट्टी फुगली. काहीतरी वाकून आत येत होतं. सवयीने, आपल्या घराच्या दारात वाकतात तसं.

गारठा आधी तिच्या बुटांवर आला. मग बुटांतून आत.

"जागा नाही," फ्रीजवाली म्हणाली.

ते थांबलं. पट्ट्या त्याच्या अंगावर तशाच राहिल्या.

"ऐकू येत नाही का? भरलंय. हा एक आणि मी एक. रोज येणार मी. थंडीचं मला काय सांगतोस? उणे वीसमध्ये उभं राहून मी पाइप जोडलेत, हाताला कातडं चिकटेपर्यंत. बाहेर येऊन चहा पिऊन परत आत गेलेय. तू कोण आहेस हे मला विचारायचंसुद्धा नाही. कोण का असेनास. हे कासव माझं आहे आणि त्याला खोकता येत नाही!"

तिच्या पावलांवर वजन आलं. हळूच. बसमधल्या शेजाऱ्यासारखं, झोपेत कलंडत येणारं. घोट्यापर्यंत काही जाणवेना झालं, मग नडगीपर्यंत. तिने दोन्ही पाय आखडले आणि सगळ्या ताकदीने झाडले. लागलं ते मऊ नव्हतं आणि कडकही नव्हतं. पाठ लागली, डॉक्टर म्हणाला होता. हो. पाठ म्हणता आली असती.

आणि मुकादम उठला.

कासव चिडलं की गुरगुरत नाही, भुंकत नाही. ते पाय ताठ करतं, अंग उचलतं आणि धडकतं. अडुसष्ट किलो. सगळा डबा हादरला. स्वयंपाकघरातली दोन भांडी खाली पडली आणि वहिनीची किंकाळी आली. मुकादम मागे सरला आणि पुन्हा धडकला. फ्रीजवालीने त्याच्याबरोबर पुन्हा पाय झाडले, शिव्या दिल्या, त्यातल्या काही शीतगृहातल्या, छापता येणार नाहीत अशा.

पट्ट्या मागे सरकायला लागल्या. जे आत आलं होतं ते माघार घेत होतं, मान खाली घालूनच, कासव डोकं आत ओढतं तसं संथ. त्या एका क्षणात शेवटच्या दोन पट्ट्यांमध्ये फट पडली आणि बाहेरचा उजेड त्यावर आला. तोंड तिला दिसलं नाही. खाली घातलेल्या डोक्याचा माथा दिसला. ओले केस होते, नीट विंचरलेले. मधोमध सरळ भांग होता. आणि भांगातली कातडी पांढरी होती, चुन्यासारखी.

मग नऊ रेघा गवतावर परत पडल्या.

टक.

६

ती बाहेर आली तेव्हा वहिनी अंगणात हातात पहार घेऊन उभी होती. फेकायची की धरायची हे ठरत नव्हतं, तरी उभी होती.

"तू काय बघितलंस?" फ्रीजवालीने विचारलं.

"पट्ट्या वर झाल्या. बाहेर कुणी नव्हतं. पण वन्सं, गवत दबलं होतं. दारापासून मागे, मागे. मग तिथे कुंपणाच्या भिंतीपाशी थांबलं. गेलं नाहीये ते. थांबलंय."

"थांबू दे. उद्या तू येणार आत?"

"मी का?"

"मला रोज झेपायचं नाही. पायाची दोन बोटं अजून माझी वाटत नाहीत. एक दिवस मी, एक दिवस तू. उन्हाळा यायला दोन महिने आहेत."

वहिनीने पहार भिंतीला टेकवली. "माझ्यासाठी गादी घालायची," म्हणाली. "तुमच्यासारखी मी गवतात झोपणार नाही. आणि बिस्किटं वेगळी."

तसं ठरलं. दुसऱ्या दिवशी वहिनी गेली. बाहेर आल्यावर आधी चुलीपाशी जाऊन बसली. मग एवढंच म्हणाली, "वन्सं, माझ्या वेळी ते आत आलं नाही. नुसतं वाकून बघून गेलं. कितीजणी आहोत ते मोजल्यासारखं."

"मोजू दे. बसमधली माणसं कंडक्टरसुद्धा मोजतो. म्हणून काय त्याला सीट मिळते?"

आठ दिवसांत शिटी गेली. दहाव्या दिवशी मुकादमाने गवताला तोंड लावलं, बाराव्या दिवशी फेरी मारली. डॉक्टर आला. त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. वजन तुम्हीच करा, मला ओरडून सांगा, म्हणाला. या वेळी मुकादम आपल्याच पायांनी काट्यावर चढला. सत्तर. "छान," तो रस्त्यावरून ओरडला, "खोली आता बरोबर आहे म्हणायची!" आणि गेला. यावेळी पिशवी घेऊन गेला.

भिंतीपाशी अंगणात एक पांढरा डाग पडला होता. दुपारी बाराच्या उन्हातही विरघळत नव्हता. बसलेल्या माणसाएवढा. गुडघे पोटाशी घेऊन, डब्याच्या दाराकडे तोंड करून बसलेल्या. एका सकाळी तो डाग दाराच्या हातभर जवळ आलेला दिसला. मुकादम फेरी मारता मारता तिथपर्यंत यायचा, मान लांब करून बघायचा, आणि वळसा घालून जायचा.

फ्रीजवालीने खिडकीतून ते पाहिलं. ती बाहेर आली, स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन. मागून वहिनी ओरडत होती, काय करताय, कुठे ठेवताय ती. तिने खुर्ची त्या डागावर ठेवली. चारही पाय आत. दाबून, हलवून, पक्की बसली की नाही बघितली. मग त्या खुर्चीत बसली. पाठ टेकली, पाय पसरले, आणि जोरात म्हणाली, "वहिनी, चहा!"

वहिनीने आणून दिला, वाफाळता. फ्रीजवालीने पहिला घोट घेतला. दुसरा घ्यायला कप उचलला तोवर चहावर पांढरी साय आली होती, आणि ती साय नव्हती.

तिने कप उपडा केला. बर्फाची चकती खुर्चीखाली खणकन पडली.

"गार झाला गं," ती म्हणाली. "दुसरा आण."